शेवटची सहा मिनिटं

मॅटवर उमटलेला टाचेचा ठसा भरून यायला बेचाळीस सेकंद लागत.

थोरलीनं ते तीनदा मोजलं होतं: एक्केचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. मोजण्याचं तसं काही कारण नव्हतं. पण वजनकाटे, तापमापक आणि घड्याळं तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या बाईला एखादी गोष्ट नुसती बघत बसणं जमत नाही. मॅट राखाडी होती, अंगठ्याएवढी जाड, दाबली की सावकाश वर येणाऱ्या फोमची. वरच्या बाजूला बारीक षट्कोनांची जाळी होती, मधाच्या पोळ्यासारखी. एकेक षट्कोन साडेचार मिलिमीटरचा. पाऊल उचललं की आधी बोटांचे खळगे भरत, मग चवडा, आणि टाच सगळ्यांत शेवटी.

मॅट आणली होती धाकटीसाठी. तिला जमिनीवर घेऊन हातापायांचे व्यायाम द्यायचे असं ठरलं होतं. दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा तिला परत पलंगावर उचलताना थोरलीच्या कमरेत काहीतरी सुतासारखं तुटलं, आणि मॅट गुंडाळून कपाटामागे गेली.

धाकटी म्हणजे तिची सात वर्षांनी लहान बहीण. चौदा महिने ती पलीकडच्या खोलीत पडून होती. डोळे उघडायचे, मिटायचे, पण कुणावर थांबायचे नाहीत. श्वास तिचा तीच घ्यायची. पोटातल्या नळीतून दर चार तासांनी पातळ अन्न जायचं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंगाखाली हवेची गादी होती आणि तिचा पंप भिंतीपलीकडून सतत गुणगुणत असायचा. दर दहा मिनिटांनी गादीचे एकाआड एक कप्पे फुगत आणि उरलेले बसत. पलंगावर एरवी काही हललंच तर तेवढंच. वर छतावर ओलीचा एक तपकिरी डाग होता, बशीएवढा. थोरलीनं तो दोनदा रंगवून घेतला होता. दोन्ही वेळा तो परत आला.

डॉक्टर दर पंधरवड्याला घरी येत. एकदा त्यांच्या देखत थोरलीच्या हातून पेन खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि तशीच राहिली.

“वा,” डॉक्टर म्हणाले. “आता तुम्हाला उचलायला कुणाला बोलवू? तुमची पाठ गेली तर या घरात दोन पेशंट होतील, आणि मावशी एकच आहेत.”

“मी एकीलाच कशीबशी पुरते,” मावशी दारातून म्हणाल्या. त्या सकाळी साडेसात ते संध्याकाळी सात धाकटीचं सगळं बघत. “ताईंना सांगा जरा. माझं कोण ऐकतंय?”

“योगासनं सुरू करा. घरच्या घरी. वीस-पंचवीस मिनिटं.” डॉक्टरांनी बॅग मिटली आणि आवाज खाली आणला. “आणि ते दुसरं? ठरलं का?”

“सांगते,” थोरली म्हणाली.

ते दुसरं म्हणजे नळी. ती जुनी झाली होती आणि तिच्या कडेनं जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत होता. बदलायची तर परत शस्त्रक्रिया, परत भूल, आणि मग पुढचं वर्षही असंच. नाहीतर ती काढून टाकायची, धाकटीला दुखणार नाही एवढी औषधं द्यायची आणि तिला जाऊ द्यायचं. आईवडील राहिले नव्हते. सही थोरलीची लागणार होती. डॉक्टर चार महिने विचारत होते आणि चार महिने ती हेच उत्तर देत होती.

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीनं तिला एक व्हिडिओ पाठवला. ‘नवशिक्यांसाठी योग, सव्वीस मिनिटं.’ “माझ्या सासूबाईंनी केला,” ती म्हणाली. “आता जिन्यात त्या पुढे आणि मी मागे. तुमचं काय ते बघा बाई, नंतर मला बोल लावू नका.”

व्हिडिओत फार काही नव्हतं. पांढरी भिंत, एक मॅट, पन्नाशीच्या आसपासची एक बाई. केस मागे बांधलेले, आवाज शाळेतल्या बाईंसारखा, न चढणारा. सुरुवातीलाच ती सांगायची:

“एक विनंती आहे. शेवटची सहा मिनिटं शवासनाची आहेत. घाईत ती सोडू नका. जे हलवलं ते नीट खाली ठेवून मग उठायचं. आणि ज्याचं त्यानंच ठेवायचं.”

थोरलीनं पहिल्या दिवशी हे ऐकलं आणि विसाव्या मिनिटाला लॅपटॉप मिटला. सात वाजता धाकटीचं अन्न, साडेसातला मावशी, आठ दहाची बस. यात आडवं पडायला सहा मिनिटं कुठून काढायची? शिवाय एक भीती होतीच, जी तिनं कुणाला सांगितली नसती. एकदा सगळं सैल सोडून जमिनीवर पडलं तर आपण परत उठू याची तिला खात्री नव्हती.

पहिले दिवस फजितीचे गेले. व्हिडिओतली बाई समोर तोंड करून उभी. ती ‘उजवा पाय’ म्हणायची आणि थोरली समोर दिसतं तसं करायला जाऊन डावा उचलायची. गुडघे कडकड वाजायचे. हात जमिनीपासून वीतभर वर लोंबकळायचे. एकदा मावशी लवकर आल्या आणि दारातच थबकल्या.

“अगं बाई. ताई, हे उठणं चाललंय की बसणं?”

“मलाही नक्की माहीत नाही, मावशी.”

“ती बघा कशी हसतीये. तिला काय जातंय? तिच्या घरात कुणी पडलेलं नसेल.”

अकराव्या दिवशी मात्र थोरलीनं उभ्याउभ्या वाकून बुटाची नाडी बांधली. बसमध्ये बसल्यावर तिच्या ते लक्षात आलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिला आपल्याच शरीराबद्दल थोडं बरं वाटलं.

त्या रविवारी तिला आलेखात पहिल्यांदा खाच दिसली.

धाकटीच्या बोटाला एक चिमटा असायचा. तिची नाडी आणि श्वास त्यातून यंत्रात साठत. थोरली दर रविवारी ते आकडे उतरवून आलेख काढायची. डॉक्टर हसायचे, पण बघायचे. धाकटीची नाडी अठ्ठ्याहत्तरच्या आसपास असे, श्वास मिनिटाला सोळा-सतरा. गेले अकरा दिवस रोज सकाळी एकदा नाडी छप्पन्नपर्यंत उतरत होती आणि श्वास मिनिटाला सहा होत होते. मग सगळं पूर्ववत. खाच सुरू व्हायची ती थोरली लॅपटॉप मिटायची त्या मिनिटाला. टिकायची सहा मिनिटं.

थोरलीनं आधी अन्नाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी अन्न अर्धा तास उशिरा दिलं. खाच जागच्या जागी. मग वाटलं, बाईचा आवाज भिंतीतून जात असेल आणि पडल्यापडल्या धाकटी तो ऐकत असेल. ही कल्पना तिला आवडली, कारण तिच्यात आशा होती. तिनं कानात इअरफोन घातले. घरात काडीचा आवाज नव्हता, आणि खाच तशीच आली. रविवारी तिनं मुद्दाम सकाळ सोडून संध्याकाळी पाच वाजता आसनं केली. खाच संध्याकाळी आली. पाच वीस ते पाच सव्वीस.

ती आलेख समोर घेऊन बराच वेळ बसून राहिली. सोडलेली सहा मिनिटं कुणीतरी पुरी करत होतं.

आणि सहा हा आकडा तिच्या ओळखीचा होता.

चौदा महिन्यांपूर्वी धाकटी बाथरूममध्ये पडली तेव्हा थोरली बाहेर टेबलाशी प्रयोगशाळेचा अहवाल तपासत होती. तिला आवाज आला. बादली पडली असेल, असं वाटलं. हाक मारली. नळ वाहत होता, उत्तर नव्हतं. दारावर थाप मारली. दार फोडावं का? आणि धाकटी नुसती अंघोळ करत असली तर? ती आयुष्यभर चिडवेल. मग थोरलीनं स्क्रूड्रायव्हर आणला आणि दाराच्या मुठीचे चार स्क्रू एकेक करून काढले. हरवू नयेत म्हणून बशीत ठेवले. ठेवताना तिची नजर घड्याळावर गेली होती, आवाज आला तेव्हाही गेली होती. सहा मिनिटं.

“हृदय थांबून किती वेळ झाला असेल?” हॉस्पिटलमध्ये विचारलं होतं.

“दोन-तीन मिनिटं,” ती म्हणाली होती. तेच कागदावर गेलं. बावीस वर्षांत तिनं चुकीचं नोंदवलेलं हे एकच मोजमाप. खरा आकडा तिच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हता. असलाच तर त्या दारापलीकडे जी पडली होती तिला.

थोरलीनं आसनं बंद केली.

चार दिवस तिनं मॅट उघडली नाही. दुसऱ्या दिवशी पाठ धरली. तिसऱ्या दिवशी धाकटीला कुशीवर वळवताना तिच्या डोळ्यांपुढे काळोखी आली. पण खरी गोष्ट ती नव्हती. रोज सकाळी सातच्या सुमाराला धाकटीचे डोळे उघडत आणि दारावर थांबत. चौदा महिन्यांत ते कशावरच थांबले नव्हते. श्वास भरभर व्हायचा, घशात घरघरायचा, बाहेर उभं करून ठेवलेल्या माणसासारखा. साडेसातला मावशी येत तेव्हाही ते चालूच असे. त्या घाबरल्या. “ताई, काहीतरी मागतीये ती. चार दिवस झाले. काय बदललं घरात?”

“काही नाही,” थोरली म्हणाली.

पाचव्या दिवशी तिनं मॅट पसरली. वीस मिनिटं केली. लॅपटॉप मिटला. भिंतीपलीकडे एक दीर्घ श्वास सुटल्याचा आवाज तिला ऐकू आला.

त्या दिवशी मावशींनी प्रयोगशाळेत फोन केला. त्या कधी फोन करत नसत.

“ताई, हिच्या अंगाखाली तुम्ही ती मॅट घातली होती का?”

“नाही. का?”

“पाठीवर जाळी उमटलीये. चादरीचे वळ असतात तशी नाही, बारीक खणाखणांची. अंग पुसताना दिसली.”

थोरली अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. मावशींनी धाकटीला कुशीवर धरलं. डोक्याच्या मागे केसांत, दोन्ही खांद्यांच्या पात्यांवर, माकडहाडापाशी, तळहातांच्या मागच्या बाजूला, टाचांवर: माणूस पाठीवर सरळ पडला की जे जे जमिनीला टेकतं तिथे तिथे षट्कोन होते. थोरलीनं पट्टी लावली. साडेचार मिलिमीटर. मग ती न्हाणीत गेली, आरशाकडे पाठ करून आपली पाठ बघितली. काही नव्हतं. असणार तरी कसं? ती त्या मॅटवर एकदाही आडवी पडलेली नव्हती.

“डॉक्टरांना सांगू?” मावशींनी विचारलं.

“काय सांगणार?”

मावशींनी धाकटीचा सदरा खाली ओढला. “मी आपलं विचारलं,” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी निघाल्या.

भाऊ शनिवारी फोन करायचा. तो दुसऱ्या शहरात राहत होता.

“हॅलो,” थोरली म्हणाली, आणि पलीकडे एकदम शांतता पसरली.

“काय रे?”

“काही नाही. क्षणभर वाटलं, तीच बोलतेय.”

दोघींचे आवाज फोनवर इतके सारखे होते की वडीलही फसत. थोरलीला प्रयोगशाळेतल्या नोकरीचं बोलावणं आलं तेव्हा तिनं साहेबांना आठवडाभर ‘सांगते’ म्हणून लटकवत ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी फोन वाजला तो धाकटीनं उचलला. “हो, मीच बोलतेय,” शाळेतली ती पोर थोरलीच्या आवाजात, थोरलीचा घसा खाकरून म्हणाली होती. “सोमवारपासून येते.” नंतर थोरली तिच्या मागे उशी घेऊन धावली होती. “उद्या माझ्या नावानं भलतंच काही बोलून बसशील!” आणि धाकटी पलंगाच्या पलीकडून ओरडली होती, “मग तू वेळेवर बोलत जा ना! तुझं ‘सांगते’ ऐकून समोरचा म्हातारा होतो.”

“ताई, ऐकतेस ना?” भाऊ म्हणत होता. “डॉक्टरांचा मला फोन आला होता. तू ठरवशील ते. मी तुझ्या पाठीशी आहे.”

“तू पाठीशी आहेस ते ठीक. पाठ माझी दुखते.”

“मग मी ठरवू? सांग तसं. सांग, मी ठरवतो.”

“सांगते,” थोरली म्हणाली.

सोमवारी ती कामावरून घरी आली तेव्हा पुढच्या खोलीत मॅट पसरलेली होती. सकाळी गुंडाळून तिनंच कपाटामागे ठेवली होती. मावशी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. नळाचा आवाज चालू होता.

मॅटच्या मधोमध दोन पावलांचे ठसे होते. अरुंद पावलं. उजव्याला पाच बोटं, डाव्याला चार. धाकटीच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली होती. ओल्या पायांनी ती घरभर फिरली की थोरली म्हणायची, बघा, साडेनऊ बोटांची स्वारी येऊन गेली.

थोरली बॅग खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. बोटांचे खळगे भरत होते. मग चवडा. ती मोजत होती, मोजल्याशिवाय तिला राहवलं नाही. सव्वीस सेकंदांनी डावी टाच सपाट झाली.

म्हणजे ती दार उघडत होती तेव्हा, सोळा सेकंदांपूर्वी, इथे कुणीतरी उभं होतं.

ती पलीकडच्या खोलीत गेली. धाकटी होती तशीच होती. पंप गुणगुणत होता. बोटाला चिमटा होता, नळी जागेवर होती, पायांवर चादर नीट दुमडलेली होती. थोरलीनं चादर बाजूला केली. चौदा महिन्यांत जमिनीला न लागलेले ते तळवे बाळाच्या तळव्यांसारखे मऊ झाले होते. त्यांच्यावर चवड्यापासून टाचेपर्यंत षट्कोनांची जाळी होती.

थोरली पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं ते तळवे दोन्ही हातांत धरले. ते थंड होते. तिला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. ते आशेचं होतं, आणि चौदा महिन्यांनंतर आशा तिला भीतीपेक्षा वाईट वाटली.

“उठतेस का गं?” तिनं विचारलं. “उठायचंय तुला? काय करू मी? तू सांग. निदान एवढं तरी तू सांग.”

गादीचे कप्पे फुगले आणि बसले.

मंगळवारी डॉक्टर आले. थोरलीनं त्यांना सगळं सांगितलं: खाच, जाळी, पावलं, सेकंद. तळव्यांवर तोपर्यंत काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी धाकटीचे डोळे तपासले, गुडघ्यावर हातोडी मारली, पोटऱ्या दाबून बघितल्या. मग खुर्ची ओढून ते थोरलीसमोर बसले.

“या पायांवर उभं राहणं शक्य नाही. स्नायूच उरलेले नाहीत. तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं.”

“हो.”

“तुम्ही झोपता किती तास?”

थोरलीनं धाकटीची चादर सरळ केली.

“हे बघा. नळीच्या कडेला पुन्हा पू आहे. आता लांबवलं तर निर्णय तुमचा राहणार नाही, ताप घेईल तो. बदलायची की काढायची, हे मला कळलं पाहिजे. गुरुवारी सकाळी सात वाजता फोन करतो, घरून निघण्याआधी. हो किंवा नाही. ‘सांगते’ नको.”

बुधवारची रात्र थोरलीनं कशी काढली ते सांगण्यासारखं काही नाही. तिनं एका कागदावर मधोमध रेघ मारून दोन बाजू केल्या होत्या. सकाळी दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

गुरुवारी सहा चौतीसला तिनं मॅट पसरली. फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, हाताला लागेल असा. व्हिडिओ सुरू केला. “एक विनंती आहे,” बाई म्हणाली. थोरलीनं हात वर केले, वाकली, आता तिची बोटं जमिनीला टेकत होती. उजवं-डावं चुकत नव्हतं. पाठ मऊ झाली होती. चौदा महिन्यांत तिचं शरीर इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि तिला पहिल्यांदा शंका आली की ते हलकं होऊन कुठे जमा होत होतं.

विसावं मिनिट आलं. सहा चोपन्न.

“आता पाठीवर आडवं व्हा,” बाई म्हणाली.

थोरलीचा हात लॅपटॉपकडे गेला आणि थांबला. भिंतीपलीकडे पंप गुणगुणत होता. धाकटी आता सुरू करणार होती. थोरलीच्या वाटची सहा मिनिटं. रोजच्यासारखी, बिनबोभाट, कुरकुर न करता.

“आज नको गं,” थोरली भिंतीकडे बघून म्हणाली. “आज माझं मी करते. तुझं झालं.”

ती आडवी झाली.

डोक्याची मागची बाजू टेकली. खांद्यांची पाती. माकडहाड, तळहातांचे मागचे भाग, टाचा. फोम सावकाश खाली गेला आणि तिला त्यानं घेतलं. केवढं वजन होतं आपल्यात! चौदा महिने ती कधीही कान भिंतीला न लावता झोपली नव्हती. तिनं कान सोडले. जबडा सोडला. डोळ्यांतून पाणी आलं ते कानांत उतरलं. तिनं पुसलं नाही. व्हिडिओतली बाई गप्प झाली होती.

ती श्वास मोजत होती. मिनिटाला सहा.

बारा.

अठरा.

चोविसाव्या श्वासाला तिच्या लक्षात आलं की पंपाची गुणगुण उजव्या बाजूनं येत नाहीये. ती खालून येत होती.

पोटऱ्यांखाली काहीतरी हळूहळू फुगलं. कमरेखाली काहीतरी बसलं.

फोम दबतो आणि वर येतो, तिनं मनाशी म्हटलं. फोम असा फुगत नाही.

उजव्या हाताच्या बोटाला कशानं तरी हलकेच चिमटीत धरलं होतं. बेंबीच्या डावीकडे चिकटपट्टी ताणली जात होती.

तिनं डोळे उघडायचं ठरवलं. ते बऱ्याच वेळानं उघडले. वर छतावर तपकिरी डाग होता, बशीएवढा.

भिंतीपलीकडे मॅट करकरली. एकदा. मग पुन्हा.

कुणीतरी उठून बसलं. मग उभं राहिलं.

लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

पावलं खिडकीकडे गेली. उजवं पूर्ण टेकत होतं, डावं किंचित हलकं.

फोन वाजला. दोनदा. तीनदा.

‘सांगते,’ थोरलीनं म्हणायचा प्रयत्न केला. जीभ तोंडात होती तशीच पडून राहिली. डोळे दारावर थांबले होते. श्वास भरभर होत घशात घरघरू लागला.

पलीकडच्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला.

“हॅलो. हो डॉक्टर, मीच बोलतेय.” आवाज थोरलीचा होता, स्वच्छ, घाई नसलेला. “नाही, आज ‘सांगते’ नाही. पण आधी एक दुरुस्ती करून घ्या. त्या कागदावर दोन-तीन मिनिटं लिहिलंय ना, ती दोन-तीन नव्हती. सहा होती.”

तोच आवाज पुढे म्हणाला,

“आणि हो. ठरलंय. नळी काढून टाका.”